कणकेला नाक लावा

उरलेली भाजी गरम करण्याआधी आपण हुंगून बघतो. तेलाची बाटली बरेच दिवस तशीच पडून असेल तर तिलाही नाक लावतो. कणकेचा डबा मात्र उघडायचा, वाटी बुडवायची आणि झाकण लावायचं, एवढाच आपला तिच्याशी संबंध. मला हे मनापासून खटकतं. कणीक दुधासारखीच नाशवंत आहे. तिला नासायला दिवसांऐवजी आठवडे लागतात, इतकंच. शिवाय नासली तरी ती फाटत नाही, कोरडी असेल तर तिला बुरशी येत नाही, रंगही बदलत नाही. बदलतो तो वास. तो ओळखता यायला लागला की कुठली कणीक घ्यावी, किती घ्यावी, कुठे ठेवावी यातले बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात.

वास नीट घ्यायची एक रीत आहे. चमचाभर कणीक तळहातावर घ्या, दुसरा तळहात वर झाका आणि अर्धा मिनिट तशीच धरा. हाताची ऊब लागली की वास मोकळा होतो. मग हात जरासा उघडून हुंगा. ताज्या कणकेचा वास गोडसर असतो, थोडा गवताकडे झुकणारा, थोडा कच्च्या सुक्यामेव्याच्या अंगाचा. जुनी व्हायला लागली की आधी हा गोडवा जातो आणि काही दिवस तिला जणू वासच उरत नाही. माझ्या लेखी उतरण इथूनच सुरू होते. त्यानंतर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, मग ऑइलपेंटचा, आणि शेवटी सरळ खवट.

कच्चं पीठ जिभेवर ठेवून चव बघू नये. पीठ कोरडं असलं तरी ते शिजवलेलं नसतं, आणि त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. चवच बघायची असेल तर सुपारीएवढा उंडा नुसत्या पाण्यात मळा, मीठ घालू नका, पातळ थापून तव्यावर खरपूस भाजा आणि नुसता खा. घास गिळल्यानंतर थांबा. खवटपणा घासाबरोबर कळत नाही, तो मागाहून जिभेच्या मुळाशी कडवट होऊन रेंगाळतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा एकदा फोन आला. "ताई, पोळ्या कडू लागतायत गं. यंदा गहूच कडू निघाला का?" मी विचारलं, पीठ ठेवलंयस कुठे? "ओट्यावरच, शेगडीच्या बाजूला. तिथे हाताशी राहतं." आणि पिशवी कधी फोडलीस? ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "उन्हाळा सुरू व्हायच्या आधी." गव्हात काही दोष नव्हता. पिठाला रोज दोन वेळा शेगडीची धग बसत होती आणि पिशवीचं तोंड नुसतं मुडपून ठेवलेलं होतं.

पिठात असं काय आहे जे बिघडतं? तेल. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वजनाने सुमारे ८३ टक्के असतो पांढरा गाभा, त्यात मुख्यतः स्टार्च आणि प्रथिनं. सुमारे १४ टक्के असतो कोंडा, म्हणजे वरची आवरणं. आणि अडीच टक्क्यांच्या आसपास असतो अंकुर, ज्यातून पुढे रोप उगवणार असतं. या एवढ्याशा अंकुरात जवळजवळ दहावा हिस्सा तेल असतं, ई जीवनसत्त्व असतं, आणि कणकेच्या चवीचा मोठा वाटाही असतो. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आपल्या जागी सुरक्षित राहतं. तेलाचे तुकडे करणारं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) मुख्यतः कोंड्यात असतं, म्हणजे दाण्यातच, पण वेगळ्या खोलीत. दळलं की भिंती पडतात आणि सगळं एकमेकांत मिसळतं. लायपेज तेलातून मेदाम्लं सुटी करायला लागतं, आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना धरतो, त्यातूनच खवटपणा येतो. अंकुरातच दुसरं एक विकर असतं, लायपॉक्सिजिनेज. ते कोरड्या पिठात बरंचसं गप्प बसतं आणि पाणी मिळालं की कामाला लागतं. म्हणूनच डब्यात बरी वाटणारी जुनी कणीक मळायला घेतली की एकदम वास मारते. परातीत पाणी पडल्यानंतरचा पहिला वास कधी दुर्लक्षू नका, तो खरं सांगतो.

यामुळेच अखंड गहू कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याच गव्हाची कणीक काही आठवड्यांत उतरते.

मग पीठ महिनोन्महिने टिकतं हा समज आला कुठून? माझ्या मते तो मैद्याकडून आला. दगडी जात्यात दाणा जसाच्या तसा भरडला जायचा, अंकुरातलं तेल सगळ्या पिठाला लागायचं, आणि नंतर चाळून काढलं तरी ते पूर्ण जायचं नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतल्या गिरण्यांनी लोखंडी रोलरचं तंत्र चांगलं विकसित केलं आणि १८७०-८०च्या दशकांत ते युरोप-अमेरिकेत पसरलं. रोलरमध्ये दाणा टप्प्याटप्प्याने उघडला जातो. तेलकट अंकुर चिरडून पीठ होण्याऐवजी चपटा होतो आणि चाळणीवर अलगद अडकतो. कोंडाही वेगळा निघतो. उरतो तो पांढरा गाभा, ज्यात खवट होण्यासारखं फारसं काही नसतं. हे पीठ गोदामात, जहाजात, दुकानात महिनोन्महिने राहू शकलं आणि पीठ म्हणजे न बिघडणारी वस्तू अशी सवय जगभर रुजली. कणकेला ती सवय लागू पडत नाही. तिच्यात जे चांगलं आहे तेच तिला अल्पायुषी करतं.

आता घ्यायची कशी. पाकीट हातात घेतलं की मी पुढची बाजू बघत नाही. शेताचं चित्र, मोठी अक्षरं, "पौष्टिक" वगैरे सगळं पुढे असतं, खरं काय ते मागे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. संपूर्ण गव्हाचं पीठ असेल तर पहिला शब्द तोच हवा, आणि शक्यतो तो एकटाच हवा. नुसतं "गव्हाचं पीठ" असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा, कारण मैदाही गव्हाचंच पीठ असतो. "मल्टीग्रेन" म्हणजे धान्यं एकापेक्षा जास्त आहेत एवढंच. ती अख्खी आहेत की नाही हे त्या शब्दातून कळत नाही. तयार पाव घेताना तपकिरी रंगाला भुलू नका, तो कॅरॅमलनेही आणता येतो.

आणखी एक बारकावा. मोठ्या गिरण्यांत बरेचदा गाभा, कोंडा आणि अंकुर आधी वेगळे करून नंतर पुन्हा एकत्र करतात. यात अंकुर उष्णता देऊन स्थिर करता येतो, किंवा वगळताही येतो, म्हणजे पीठ जास्त टिकतं. कॅनडाच्या नियमांत तर दाण्याचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग काढून टाकला तरी त्या पिठाला संपूर्ण गव्हाचं म्हणता येतं, आणि त्या ५ टक्क्यांत अंकुराचा बराचसा भाग जाऊ शकतो. म्हणून एखादी कणीक साध्या कपाटात फार लांबची मुदत सांगत असेल तर मला ती गुणाची गोष्ट वाटत नाही. मी विचारते, यातला अंकुर कुठे गेला?

पाकिटावर दळल्याची किंवा पॅक केल्याची तारीख असते, ती बघा. मुदत संपायची तारीख हा उत्पादकाचा अंदाज असतो आणि पॅक केल्याची तारीख ही घडलेली गोष्ट असते. आणि लहान पाकीट घ्या. मोठं स्वस्त पडतं हे खरं, पण त्यातला शेवटचा तिसरा हिस्सा नेहमी खवटपणाच्या काठावर असेल तर त्या बचतीला काय अर्थ आहे? घरात तीन-चार आठवड्यांत संपेल तेवढंच आणणं सगळ्यांत चांगलं.

प्रथिनांचा आकडाही बरेच जण बघतात. तो मैद्याच्या बाबतीत जितका बोलका असतो तितका कणकेच्या बाबतीत नसतो. कडक जातीच्या गव्हात प्रथिनं साधारण १२ ते १४ टक्के असतात, मऊ जातीच्या गव्हात ९-१०च्या आसपास. पण कणकेतली काही प्रथिनं कोंड्यातली आणि अंकुरातली असतात, आणि त्यांचं ग्लूटेन, म्हणजे पीठ फुगवून धरणारं चिवट जाळं, होत नाही. त्यामुळे १३ टक्के प्रथिनांची कणीक १३ टक्क्यांच्या मैद्याइतकी फुगणार नाही. कणकेची तुलना कणकेशीच करावी.

ग्लूटेन म्हणजे काय हे एकदा हाताने बघण्यासारखं आहे. माझा भाचा शाळेच्या सुट्टीत आला होता, त्याला मी हे करायला लावलं. लिंबाएवढा घट्ट उंडा मळून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवला. मग वाडग्यात थंड पाणी घेऊन तो त्यातच हलक्या हाताने दाबत, चोळत राहिला. पाणी आधी पांढरंफेक झालं, तो स्टार्च. पाणी बदलत गेलो तसा उंडा लहान होत गेला, मध्येच तो सुटून येतोय असं वाटलं, आणि मग एकाएकी बोटांत गोळा होऊन आला. करड्या तपकिरी रंगाचा, कोंड्याचे ठिपके असलेला, ताणला की ताणणारा आणि सोडला की मागे येणारा. "मावशी, हे रबर आतच होतं?" असं म्हणत तो ते ताणत बसला. आत ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिनं होती. पाणी मिळालं आणि हात फिरला की त्यांचं हे जाळं तयार होतं. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोपो बेक्कारी यांनी १८व्या शतकात हेच केलं होतं, पीठ धुऊन त्यातून हा चिवट भाग वेगळा काढला होता. भाच्याच्या हातातला गोळा मी उजेडात धरून दाखवला. ताणलेल्या पडद्यात जिथे जिथे कोंड्याचा कण होता, तिथे तिथेच पडदा फाटत होता. कणकेचा पाव मैद्याच्या पावाइतका का फुलत नाही, हे त्याला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

गहू आणून स्वतः दळणाऱ्यांसाठी थोडं. दाणा भरलेला, एकसारखा, सुरकुत्या नसलेला हवा. दाताखाली धरला तर कट्कन फुटायला हवा. दबला किंवा चेपला तर त्यात ओल आहे, तो दळायलाही वाईट आणि साठवायलाही. दाणा कापून बघितला तर कडक गव्हाचा गाभा काचेसारखा चमकतो, मऊ गव्हाचा खडूसारखा दिसतो. पोळी आणि पावासाठी पहिला, केक-बिस्किटांसाठी दुसरा. पास्त्यासाठी वापरतात तो डुरम गहू आणखी कडक असतो, त्याचा पिवळेपणा ल्यूटिनसारख्या रंगद्रव्यांमुळे येतो. त्याचं ग्लूटेन बळकट असलं तरी फारसं ताणलं जात नाही, म्हणून फुगीर पावाला तो एकटा पुरत नाही.

दळताना पीठ तापतं. गरम पीठ तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं तर आत वाफ धरते, झाकणाच्या आतल्या बाजूला घाम येतो, गुठळ्या होतात आणि तिथून बुरशीला वाट मिळते. मोठ्या परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत ठेवावं. बारीक दळताना स्टार्चच्या कणांनाही इजा होते. हे ऐकायला वाईट वाटलं तरी प्रमाणात झालं तर उपयोगाचंच आहे, कारण असा स्टार्च जास्त पाणी धरतो आणि पोळी मऊ राहते. फारच इजा झाली तर मात्र पीठ चिकट होतं.

साठवणीबद्दल माझी मतं ठाम आहेत. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात कणीक एक ते तीन महिने चांगली राहते. हवा गरम असेल तर मी महिनाभरच धरते. फ्रिजमध्ये हा काळ वाढतो, आणि फ्रीझरमध्ये सहा महिने निर्धास्त राहावं. फ्रीझरचा विचार केला की लोक बिचकतात, पण कणकेत पाणी इतकं कमी असतं की ती दगडासारखी गोठत नाही, भुरभुरीतच राहते. चमचा घातला की निघते. एवढंच करा, हवं तेवढं पीठ काढून डबा लगेच परत आत ठेवा. थंड डबा उघडा राहिला तर बाहेरची दमट हवा पिठावर ओल सोडते. आणि पावाला किंवा केकला वापरण्याआधी काढलेलं पीठ झाकून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर यीस्ट सुस्तावतं आणि लोणी घट्ट होतं. फ्रिजमध्ये ठेवताना डबा खरंच हवाबंद आहे ना हेही बघा, कणीक शेजारच्या कांद्या-लसणाचा वास पटकन उचलते.

डब्यात जुनं पीठ असताना वरून नवं ओतायची सवय सोडा. तळाचं पीठ असंच महिनोन्महिने तळाशी राहतं आणि त्याचा खवटपणा, त्यातले किडे नव्याला लागतात. डबा रिकामा होऊ द्या, धुवा, उन्हात किंवा गरम जागी पूर्ण कोरडा करा, कोपऱ्यांतून आणि झाकणाच्या आट्यांतून बोट फिरवा, मग भरा. आट्यांमध्ये चिकटलेल्या पिठातच किड्यांचं ठाणं असतं.

किड्यांचं म्हणाल तर बरेचदा ते बाहेरून येत नाहीत, अंड्यांच्या रूपात धान्याबरोबर किंवा पिठाबरोबरच घरात येतात. नवी पिशवी आणली की उणे १८ अंशांवर तीन-चार दिवस ठेवली तर अंडी, अळ्या आणि किडे सगळे मरतात. ज्यांच्याकडे फ्रीझरमध्ये कायम जागा नसते त्यांनी निदान एवढं करावं आणि मग डबा कपाटात ठेवावा. अख्ख्या गव्हात सोंडे दाणा पोखरून आतच वाढतात. मूठभर गहू पाण्यात टाकला तर असे पोखरलेले दाणे वर तरंगतात. पिठात जाळी दिसली तर ती पतंगाच्या अळ्यांची. तांबूस, चपटे, चपळ पोरकिडे फार झाले की पिठाला गुलाबी छटा येते आणि उग्र वास सुटतो, कारण ते क्विनोन नावाची रसायनं सोडतात. अशी कणीक चाळून वापरायचा मोह मी कुणालाच करू देत नाही. किडे चाळणीवर राहतात, त्यांनी सोडलेलं खाली पिठातच राहतं.

आता स्वयंपाक. इथे सगळा कारभार कोंड्याचा. कोंडा भरपूर पाणी पितो, पण सावकाश पितो. मळताना सैल वाटलेलं पीठ अर्ध्या तासाने घट्ट झालेलं असतं. म्हणून पीठ हाताला जरा जास्तच मऊ लागेल असं भिजवायचं आणि झाकून ठेवायचं. वजनात सांगायचं तर पोळीसाठी १०० ग्रॅम कणकेला ६५ ते ७० ग्रॅम पाणी, आणि साच्यातल्या पावासाठी ७५ ते ८५. कणीक किती बारीक दळलीय, गहू कुठला, हवा किती दमट, यावर हे थोडं मागेपुढे होतं. शेवटचा निर्णय बोटांवर सोडा. बोट दाबल्यावर खळगा पडून हळूहळू भरून यावा. लगेच उसळून वर आलं तर पीठ घट्ट आहे. वातड पोळीमागे बहुतेक वेळा कमी पाणी किंवा कमी धीर यातलं एक कारण असतं. पीठ फार घट्ट भिजवून मग वरून तेलाचा हात मारत बसण्यात अर्थ नाही, कोंड्याची तहान तेलाने भागत नाही.

पाव करताना हा विसावा आणखी महत्त्वाचा. फ्रेंच पावतज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांनी १९७०च्या दशकात एक पद्धत मांडली. आधी फक्त पीठ आणि पाणी मिसळून थांबायचं, मीठ आणि यीस्ट नंतर घालायचं. तेवढ्या वेळात ग्लूटेनचं जाळं न मळताही तयार व्हायला लागतं. कणकेत त्याचबरोबर कोंडा भिजून मऊ होतो आणि जाळं कमी फाडतो. मी अर्धा तास ते तासभर थांबते. त्यानंतर मळायचं कामच फार उरत नाही.

कणकेचं पीठ लवकर फुगतं, कारण कोंड्या-अंकुरातली खनिजं आणि विकरं यीस्टला बळ देतात. पण जाळं कमजोर असल्यामुळे ते लवकर बसतंही. पुस्तकी "दुप्पट होईपर्यंत" हा हिशेब मैद्याचा आहे. कणकेचं पीठ दीडपट झालं की ओव्हनमध्ये घालावं. पाव बाहेर आल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये, आतला भाग तोवर चिकट असतो. आणि उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सगळ्यांत वेगाने कडक होतो. उद्या खायचा असेल तर बाहेर झाकून, पुढच्या आठवड्यासाठी असेल तर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

वेळ असेल तर आंबवून बघा. कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. आंबट खमिरात पीठ काही तास राहिलं की फायटेज हे विकर जोमाने चालतं आणि फायटिक आम्ल बरंच कमी होतं. चवही खुलते.

केकमध्ये मैद्याऐवजी कणीक घालायची तर मापाने घालू नका, वजनाने घाला. पहिल्यांदा निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घ्या. कणीक आधी दुधात किंवा पाककृतीत असेल त्या द्रवात वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्या, बेकिंग पावडर अगदी शेवटी, म्हणजे वाट बघण्यात तिचा जोर वाया जात नाही. कोंडा जाडसर असेल तर चाळून वेगळा काढा, त्यावर उकळतं पाणी घालून मऊ करा आणि गार झाल्यावर परत मिश्रणात घाला. चाळलेला कोंडा टाकून दिलात तर केक छानच होईल, पण मग त्याला संपूर्ण गव्हाचा म्हणू नका. बिस्किटांत मात्र काही तडजोड लागत नाही. तिथे फुगायचं नसतंच, ग्लूटेन जितकं कमी तितकं बरं, आणि लोण्याबरोबर कणकेचा भाजका स्वाद मैद्याला कधीच साधत नाही. ओव्हनपाशी थांबा, कणकेची बिस्किटं कडेने लवकर लाल होतात.

सूप किंवा सॉस दाट करायला कणीक वापरत असाल तर आधी कोरडीच मंद आचेवर भाजा. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही, मग कच्चा वास जातो, रंग किंचित गडद होतो आणि भाजक्या दाण्यांचा वास घरभर होतो. तिथेच आच बंद करायची. गरम कढईत पीठ पुढेही भाजलं जातं, म्हणून लगेच ताटात काढा. जास्त भाजलं तर त्याची दाटपणा देण्याची ताकद कमी होते.

तब्येतीसाठी कणकेकडे वळणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १०० ग्रॅम कणकेत तंतू सुमारे ११ ग्रॅम असतात, मैद्यात ३च्याही आत. मॅग्नेशियम सुमारे १३७ मिलिग्रॅम, मैद्यात २२. हा फरक मोठा आहे आणि त्यासाठी कणीक खावीच. पण बारीक दळलेल्या कणकेचा पाव रक्तातली साखर वाढवण्यात पांढऱ्या पावापेक्षा फारसा मागे नसतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत त्यांचे सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक ७४ आणि ७५ असे जवळजवळ सारखे आहेत. मधुमेह असेल तर किती खाल्लं याचा हिशेब ठेवायलाच हवा. आणि ज्यांना सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, आहे त्यांना कणीक, रवा, मैदा यातलं काहीच चालत नाही. "थोडीशी चालेल" असं म्हणून कुणाला आग्रह करू नका.

इतकं करूनही कधी डब्याच्या तळाशी खवट पीठ उरतंच. ते मसाल्याने किंवा साखरेने झाकून खपवू नका. किडे झाले नसतील तर बारीक चाळणीने कोंडा काढा, एका वाटीला पाच वाट्या थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. मुलांच्या कागदकामाला याची उत्तम खळ होते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, फक्त बरणीवर "खळ" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.